विश्लेषण : मधुमेहींमधील मूत्रपिंडविकार वेळेत का सापडत नाही? निदान नेमके कसे होते?

रक्तातील साखर मोजण्याचे यंत्र आता अनेक घरांत आहे. मात्र त्याच साखरेने मूत्रपिंडांवर काय परिणाम केला, हे सांगणारी लघवीची साधी चाचणी अनेक मधुमेहींनी वर्षानुवर्षे केलेली नसते. मधुमेह असलेल्या दर तीन प्रौढांपैकी साधारण एकाला मूत्रपिंडविकार आढळतो. तो बराच काळ कोणतेही लक्षण दाखवत नाही आणि लक्षणे दिसू लागतात तेव्हा झालेले नुकसान भरून काढता येत नाही. म्हणून या आजारात निदान कसे होते यापेक्षाही ते कधी होते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

मधुमेहाने मूत्रपिंडांचे नेमके काय होते?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक भाग शरीरात परत शोषला जातो आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की या गाळण्यांमधील दाब वाढतो, त्यांचे पडदे जाड होतात आणि त्यांच्या भिंतींना इजा होते. सोबत उच्च रक्तदाब असेल तर ही प्रक्रिया वेग घेते. निरोगी गाळणी रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन जवळजवळ अडवून धरते. इजा झालेल्या गाळणीतून ते झिरपू लागते. पुढे गाळण्या एकामागून एक बंद पडतात आणि रक्त शुद्ध करण्याची एकूण क्षमता घटते. या दोन घडामोडी, म्हणजे अल्ब्युमिनची गळती आणि गाळण्याच्या क्षमतेतील घट, निदानाचा पाया आहेत.

मधुमेहींच्या मूत्रपिंडात दिसणाऱ्या विशिष्ट गाठींचे वर्णन पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ मध्ये केले. मात्र तो बदल सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा आणि बऱ्याच पुढच्या टप्प्यातला होता. लघवीतून जाणारे अगदी अल्प अल्ब्युमिन हीदेखील पुढील धोक्याची सूचना असते, हे डेन्मार्कचे संशोधक कार्ल एरिक मोगेन्सेन यांच्यासह काही संशोधकांच्या कामातून १९८० च्या दशकात स्पष्ट झाले. आज होणारी तपासणी त्याच शोधावर उभी आहे.

हा विकार किती जणांना होतो?

‘मधुमेहींपैकी ३० ते ४० टक्के’ हा आकडा जगभर वापरला जातो. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार तेथे मधुमेह असलेल्या दर तीन प्रौढांपैकी सुमारे एकाला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार आहे. त्याच संस्थेचा आणखी एक आकडा अधिक बोलका आहे. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या दर दहा प्रौढांपैकी सुमारे नऊ जणांना आपल्याला तो आहे हे ठाऊकच नसते.

ब्रिटनमध्ये टाइप-२ मधुमेहाचे निदान झालेल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला. निदानानंतर दहा वर्षांनी त्यांच्यातील साधारण २५ टक्के रुग्णांच्या लघवीत अल्प प्रमाणात अल्ब्युमिन जात होते, तर सुमारे पाच टक्के रुग्णांमध्ये हे प्रमाण मोठे होते. म्हणजेच एका टप्प्यातून दुसऱ्यात जाण्यास वर्षे लागतात आणि हस्तक्षेपासाठी हाच काळ उपयोगी असतो.

भारतातील चित्र काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास डायबिटीज रिसर्च फाउंडेशन यांच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, तर १३ कोटी ६० लाख लोकांना मधुमेहपूर्व स्थिती असल्याचा अंदाज आहे. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. देशाची सरासरी ११.४ टक्के होती. याच पाहणीत उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के निघाले. मूत्रपिंडांच्या दृष्टीने हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत.

चेन्नईतील शहरी मधुमेहींच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २६.९ टक्के रुग्णांच्या लघवीत अल्प अल्ब्युमिन आणि २.२ टक्के रुग्णांमध्ये उघड मूत्रपिंडविकार आढळला होता. म्हणजे एकूण प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होते. दहा कोटींहून अधिक मधुमेहींना साधारण हेच प्रमाण लावले तर बाधितांची संख्या तीन कोटींच्या घरात जाते. हा केवळ ढोबळ हिशेब असला तरी प्रश्नाचा आवाका त्यातून कळतो.

रुग्ण मूत्रपिंडतज्ज्ञांकडे कोणत्या टप्प्यात पोहोचतात, हे भारतीय मूत्रपिंडविकार नोंदवहीतून दिसते. सुमारे ५२ हजार रुग्णांच्या या नोंदींचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेह हे मूत्रपिंडविकाराचे सर्वांत मोठे, ३१ टक्के रुग्णांमधील, कारण होते. आणि एकूण रुग्णांपैकी सुमारे ४८ टक्के रुग्ण पहिल्यांदा नोंदले गेले तेव्हाच पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. या टप्प्यात डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाचाच विचार सुरू होतो.

लक्षणे दिसत का नाहीत?

मूत्रपिंडांकडे मोठी राखीव क्षमता असते. काही गाळण्या बंद पडल्या की उरलेल्या अधिक काम करतात आणि माणसाला काहीच जाणवत नाही. मधुमेहाच्या सुरुवातीच्या काळात तर अनेकांची गाळण्याची क्षमता नेहमीपेक्षा वाढलेली असते. त्यामुळे रक्ताचा अहवाल उलट उत्तमच दिसतो. प्रत्यक्षात तो गाळण्यांवर पडलेल्या ताणाचा परिणाम असतो.

पायांवर सूज, लघवीला फेस, भूक मंदावणे, मळमळ, धाप, थकवा ही लक्षणे बहुधा उशिरा येतात. कंबरदुखी किंवा लघवीला जळजळ ही या विकाराची ठळक लक्षणे नव्हेत. एक फसवे लक्षणही आहे. मूत्रपिंडे इन्सुलिनचा काही भाग शरीरातून नाहीसा करतात. ती मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकते आणि पूर्वीच्याच औषधांनी साखर कमी राहू लागते, कधी धोकादायक पातळीपर्यंत घसरते. ‘साखर आपोआप आटोक्यात आली’ म्हणून घरात आनंद होतो. पण जुन्या मधुमेहीच्या बाबतीत असे घडले तर मूत्रपिंडांची तपासणी आधी करायला हवी.

निदानासाठी कोणत्या चाचण्या लागतात?

दोनच. पहिली लघवीची. तिचे नाव ‘युरिन अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो’, प्रयोगशाळांच्या भाषेत ‘यूएसीआर’. दुसरी रक्तातील क्रिएटिनिनची. त्यावरून वय आणि लिंग लक्षात घेऊन मूत्रपिंडांची गाळण्याची अंदाजे क्षमता काढतात. तिला ‘ई-जीएफआर’ म्हणतात. लघवीची चाचणी गाळणीला इजा झाली आहे का ते सांगते, रक्ताची चाचणी किती काम शिल्लक आहे ते सांगते. एक चाचणी दुसरीची जागा घेऊ शकत नाही. काही मधुमेहींमध्ये अल्ब्युमिन जात असते. पण ई-जीएफआर उत्तम असतो. काहींमध्ये अल्ब्युमिनची गळती नसतानाही ई-जीएफआर घसरलेला असतो. एकच चाचणी केली तर यातील एक गट निसटतो.

लघवीच्या चाचणीसाठी २४ तासांची लघवी साठवण्याची गरज नसते. एका वेळचा नमुना पुरतो. सकाळची पहिली लघवी असेल तर अधिक चांगले. पाणी जास्त प्यायल्याने लघवी पातळ होते, म्हणून नुसते अल्ब्युमिन न मोजता त्याचे क्रिएटिनिनशी प्रमाण काढले जाते. येथे एक गोंधळ नेहमी होतो. ‘रूटीन युरिन’ तपासणीत पट्टी बुडवून प्रथिन पाहिले जाते. ती पट्टी साधारणपणे मोठी गळतीच पकडते. सुरुवातीचे अल्प अल्ब्युमिन तिच्यातून सुटते. त्यामुळे ‘लघवीत प्रथिन नाही’ असा रूटीन अहवाल म्हणजे यूएसीआर केल्यासारखे नव्हे.

‘क्रिएटिनिन नॉर्मल’ एवढे पुरेसे का नाही?

क्रिएटिनिन हा स्नायूंमधून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. ज्याचे स्नायू कमी, त्याचे क्रिएटिनिन मुळातच कमी. त्यामुळे कृश किंवा वयस्क व्यक्तीची मूत्रपिंडे बरीच मंदावली असली तरी क्रिएटिनिन अहवालातील ‘नॉर्मल’ रकान्यात किंवा त्याच्या काठावर राहू शकते. समजा, २५ वर्षांच्या तरुणाचे आणि ६५ वर्षांच्या महिलेचे क्रिएटिनिन सारखेच, १.२ आले. सध्या प्रचलित असलेल्या २०२१ च्या सूत्राने तरुणाचा ई-जीएफआर सुमारे ८६ येतो, तर त्या महिलेचा केवळ ५० च्या आसपास. आकडा एकच, पण तरुणाला काळजीचे कारण कमी आणि महिलेला मूत्रपिंडविकार असण्याची दाट शक्यता. म्हणून अहवालात क्रिएटिनिनबरोबर ई-जीएफआर छापलेला आहे का, हे पाहावे. नसल्यास डॉक्टरांकडून तो काढून घ्यावा.

आकडे कसे वाचायचे?

यूएसीआर एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो सामान्य किंवा किंचित वाढलेला मानतात. ३० ते ३०० हा मध्यम वाढीचा टप्पा. यालाच पूर्वी ‘मायक्रोअल्ब्युमिन्युरिया’ म्हणत आणि अनेक प्रयोगशाळांच्या यादीत आजही तेच नाव असते. ‘मायक्रो’ म्हणजे रेणू लहान असा त्याचा अर्थ नाही. गळतीचे प्रमाण लहान, एवढेच. ३०० च्या वर गेल्यास गळती तीव्र समजतात.

ई-जीएफआरचे पाच टप्पे आहेत. ९० किंवा अधिक हा पहिला, ६० ते ८९ दुसरा, ३० ते ५९ तिसरा, १५ ते २९ चौथा आणि १५ पेक्षा कमी हा पाचवा. तिसरा टप्पा ४५ वर पुन्हा विभागलेला आहे. पहिल्या दोन टप्प्यांत केवळ ई-जीएफआरवरून आजार ठरत नाही. त्यासाठी अल्ब्युमिनची गळती किंवा इजेचा अन्य पुरावा लागतो. ई-जीएफआर ६० च्या खाली सलग तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर मात्र गळती नसली तरी दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान होते. दोन्ही आकडे एकत्र मांडून धोका ठरवतात. ई-जीएफआर ७० आणि यूएसीआर ४०० असलेल्या रुग्णाला ‘अजून ७० टक्के काम चालू आहे’ असे म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

एकाच अहवालावर निदान होते का?

नाही. अल्ब्युमिनचे प्रमाण दिवसागणिक बदलते. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग, मासिक पाळी, आदल्या २४ तासांतील जोरदार व्यायाम, खूप वाढलेली साखर किंवा रक्तदाब, हृदयाची कमजोरी यांमुळे ते तात्पुरते वाढू शकते. त्यामुळे तीन ते सहा महिन्यांच्या काळात तीनपैकी किमान दोन नमुन्यांत वाढ आढळली तरच गळती पक्की मानतात. जुलाब-उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले किंवा वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर क्रिएटिनिनही तात्पुरते वाढते. दीर्घकालीन विकार म्हणण्यासाठी बिघाड तीन महिन्यांपेक्षा अधिक टिकला पाहिजे. मात्र ‘पुन्हा करून पाहू’ म्हणून सोडून दिलेली चाचणी पुन्हा केलीच गेली नाही, असेही सर्रास घडते. पहिला अहवाल वाढलेला आला तर दुसऱ्या चाचणीची तारीख त्याच वेळी ठरवून घेणे चांगले.

बायोप्सी कधी करावी लागते?

बहुतेक रुग्णांत ती लागत नाही. बऱ्याच वर्षांचा मधुमेह, हळूहळू वाढलेली अल्ब्युमिनची गळती आणि डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम, असे चित्र जुळले की निदान पुरेसे पक्के मानले जाते. म्हणून मूत्रपिंडविकाराचा संशय आल्यास डोळ्यांची तपासणीही सांगितली जाते. पण मधुमेहीला झालेला प्रत्येक मूत्रपिंडविकार मधुमेहामुळेच असतो असे नाही. गळती अचानक खूप वाढली, ई-जीएफआर झपाट्याने घसरला, लघवीत रक्तपेशी सापडल्या, मधुमेह नवा असूनही मूत्रपिंडांचे नुकसान मोठे असले किंवा टाइप-१ मधुमेहीच्या डोळ्यांत काहीच बदल नसले, तर दुसरे कारण शोधावे लागते. सोनोग्राफीने मुतखडा, अडथळा किंवा मूत्रपिंडांचा आकार कळतो. गरज भासल्यास मूत्रपिंडतज्ज्ञ बायोप्सीचा निर्णय घेतात. कारण वेगळे निघाले तर उपचारही पूर्ण वेगळे असू शकतात.

तपासणी केव्हा आणि किती वेळा?

टाइप-२ मधुमेहात निदान झाले त्याच दिवसांपासून. हा मधुमेह लक्षात येण्यापूर्वी अनेक वर्षे शरीरात असू शकतो, त्यामुळे निदानाच्या वेळीच काहींची मूत्रपिंडे बाधित असतात. टाइप-१ मधुमेहात निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात करावी. त्यानंतर दोन्ही चाचण्या दर वर्षी. विकार आढळल्यास टप्प्यानुसार वर्षातून दोन ते चार वेळा. खासगी प्रयोगशाळांत या चाचण्यांचा खर्च काहीशे रुपयांत होतो.

वेळेत निदान झाल्याने काय बदलते?

पूर्वी हातात साखर आणि रक्तदाब नियंत्रणापलीकडे फारसे काही नव्हते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांनी ‘सार्टन’ गटातील रक्तदाबाची औषधे मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतात, हे दाखवले. त्यानंतर २०१९ मध्ये ‘क्रेडेन्स’ या चाचणीत, तीव्र गळती असलेल्या मधुमेहींमध्ये कॅनाग्लिफ्लोझिनमुळे मूत्रपिंड निकामी होणे आणि त्यासारख्या गंभीर घटनांचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या त्याच गटातील औषधांचेही असेच निष्कर्ष आले. भारतात डापाग्लिफ्लोझिनचे मूळ पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपल्यानंतर अनेक कंपन्यांची स्वस्त औषधे बाजारात आली. फिनेरेनोन आणि सेमाग्लुटाइड यांचाही उपयोग सिद्ध झाला आहे. कोणते औषध कोणाला, हे डॉक्टरच ठरवतात. गर्भवतींना यातील अनेक औषधे देत नाहीत.

फायदा केवळ मूत्रपिंडांपुरता नाही. अल्ब्युमिनची गळती हे हृदयविकाराच्या वाढलेल्या धोक्याचेही चिन्ह आहे. डायलिसिसची वेळ येण्याआधीच अनेक रुग्ण हृदयविकाराने दगावतात. दुसरीकडे, मूत्रपिंडे निकामी झाल्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिस करावे लागते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना ही सेवा मोफत मिळू लागली. तरीही प्रवास, बुडणारी मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस हा खर्च कुटुंबालाच सोसावा लागतो.

‘गोळ्यांनीच किडनी खराब होते’ हे खरे का?

ही समजूत खोलवर रुजलेली आहे आणि तिच्यापायी अनेक जण मधुमेहाच्या गोळ्या मध्येच सोडतात. मेटफॉर्मिनमुळे मूत्रपिंडे खराब होत नाहीत. ई-जीएफआर ३० च्या खाली गेल्यावर ते बंद करतात, कारण तेव्हा शरीर ते नीट बाहेर टाकू शकत नाही. ‘सार्टन’ किंवा ‘प्रिल’ गटातील औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. पहिल्या चार आठवड्यांत ही वाढ ३० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा औषध थांबवत नाहीत. खरा धोका अनियंत्रित साखर आणि रक्तदाबाचा, तसेच डॉक्टरांना न विचारता रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा आणि घटक न कळणाऱ्या पुड्या-भस्मांचा असतो.

अडचण नेमकी कुठे?

चाचणी महाग नाही, अवघड नाही आणि आजार सापडल्यास उपचारही आहेत. तरी ती मागे राहते, कारण मधुमेहाची तपासणी म्हणजे उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, फार तर तीन महिन्यांची सरासरी, असे समीकरण रुग्णांच्या आणि काही वेळा दवाखान्यांच्याही मनात पक्के झाले आहे. सरकारच्या असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात तिशीपुढील नागरिकांची मधुमेह आणि रक्तदाबासाठी तपासणी होते. त्यात मधुमेही म्हणून नोंद झालेल्या प्रत्येकाची लघवी वर्षातून एकदा तपासली गेली, तर शेवटच्या टप्प्यात पोहोचणाऱ्यांची संख्या कमी होऊ शकते. तोवर मधुमेहींनी आपल्या फाइलमध्ये गेल्या वर्षभरातील दोन आकडे आहेत का ते पाहावे, यूएसीआर आणि ई-जीएफआर. नसतील तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे.